नऊ दसऱ्यांचा रंग

अकोल्याच्या स्टँडवर बार्शीटाकळीची एसटी लागली, तेव्हा दीपमाला तेलगोटेच्या दोन्ही हातांत जड पिशव्या होत्या आणि मनात एकच इच्छा होती — खिडकीची जागा. सकाळपासून ती फवारणी पंपांचे वॉशर, मोटरींचे बेअरिंग, तांब्याची तार असलं सामान घेत बाजारभर फिरली होती. खांदे भरून आले होते. कोपरांनी वाट काढत ती आत शिरली, तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ मोकळं दिसलं म्हणून पुढं झाली... आणि थबकली. खिडकीशी कुणीतरी डोक्यापासून पायापर्यंत चादर पांघरून बसलं होतं. शेजारी एक सडपातळ तरुण, त्या चादरीच्या कमरेला हात घालून, मोठ्या मायेनं तिला सावरत होता.

“पेशंट हाय का?” दीपमालानं आवाज खाली आणून विचारलं.

“हाव,” तो म्हणाला. “लय आजारी हाय. अकोल्यात तिघांनी हात टेकले.”

तिला वाईट वाटलं. पिशव्या पायाशी ठेवून ती मुकाट्यानं दांडा धरून उभी राहिली. तेवढ्यात कंडक्टर आला.

“पेशंटचं तिकीट?”

“लगेजचं करा ना,” तरुण हळूच म्हणाला.

कंडक्टरनं चादरीचा कोपरा उचलला. आत लालभडक रंगवलेलं एक लोखंडी डोकं निघालं, त्याखाली लांबलचक मान, आणि पायाशी तीन पात्यांचा पंखा.

“हे काय होय बाप्पा?”

“नावेची मोटर.”

अख्खी बस हसली. मागच्या सीटवरच्या एका आजोबांनी तर बार्शीटाकळीला समुद्र कधी आला म्हणून विचारून घेतलं. दीपमाला मात्र हसली नाही. तिला राग आला होता. फुकट वाईट वाटून घेतल्याचा. पण त्या रागापेक्षा तिचे डोळे जास्त लबाड होते. ते केव्हाच त्या मोटरीच्या बाजूच्या दांडीवर जाऊन बसले होते.

“सरका,” ती म्हणाली. “काय झालं इले?”

तो सरकला. दोघं आणि मोटर, तिघं दाटीवाटीनं बसली.

“पुढचा गियर पडते,” त्यानं सांगायला सुरुवात केली, “पण रेस दिली की आपोआप सुटते. कटकट कटकट... आन् न्यूट्रल. उलटा तर पडतच नाई. एक मिस्त्री म्हणे, गिअरबॉक्स गेला, भंगारात द्या. दुसरा म्हणे, आमी फक्त कूलर पायतो. तिसऱ्यानं दांडीले पाइप लावून ओढलं.”

“चालू करून?”

“बंद होती.”

दीपमालानं डोळे मिटून घेतले. मग तिनं वाकून एका हातानं पंखा धरला, दुसऱ्या हातानं दांडी, आणि पंखा जरासा फिरवत दांडी पुढं लोटली. टक् करून गियर पडला.

“दातात दात बसायचा तर आतलं काहीतरी फिरलं पायजे ना,” ती म्हणाली. “बंद मशीनवर जोर करून काय होते?”

“तुमी मिस्त्री हाय का?”

“तुमाले काय वाटलं, पिशवीत बांगड्या हायेत?”

त्याचं नाव अनुप बेलसरे. शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या बागवाल्यांच्या घरचा. पण बागेत मन रमलं नाही म्हणून अमरावतीच्या एका संस्थेत लागलेला. बार्शीटाकळीच्या पुढं धरणाचा फुगवटा आहे. त्याच्या पलीकडे काजळखेड, पस्तीस घरांचं गाव. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं अलीकडच्या काठावर. नावेनं गेलं तर दहा मिनिटं आणि सडकेनं गेलं तर सतरा किलोमीटर. ती नाव गेली नऊ वर्षं संस्था चालवत होती. आता ती गावाच्या सोसायटीच्या ताब्यात द्यायची होती, तीही चालू मोटरीसकट आणि मिस्त्रीच्या सहीच्या दाखल्यासकट.

“दिवाळीच्या सुट्ट्या संपून सोमवारी शाळा उघडते,” अनुप म्हणाला. “तवापर्यंत मोटर झाली तर नाव सोसायटीले, आन् बुधवारी मी गोंदियाले. नवीन काम हाय तिकडे.”

“आन् नाई झाली तर?”

“नवीन मोटर मंजूर होईपर्यंत इथंच. तीन महिने तर कागदच हलत नाई.”

हे त्यानं सहज सांगितलं आणि तिनं सहज ऐकलं. मंगळवार होता तो. मंगळवारी गोंदिया हे तिच्यासाठी नकाशातलं एक गाव होतं, बाकी काही नाही.

दीपमालाचं दुकान स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले तिचे वडील, पंजाबराव, दारात खुर्ची टाकून रेडिओ ऐकत बसत. गुडघे गेल्यामुळं ते कामाला हात लावत नसत. पण कोणत्या मशीनचा आवाज कुठं चुकला हे रेडिओवरचं गाणं न थांबवता सांगत. लेकीनं अकोल्याच्या आयटीआयत मोटर मेकॅनिकला नाव घातलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. पंजाबरावांनी तिला स्वतःचा पान्यांचा डबा दिला आणि विषय संपवला.

बुधवारी सकाळी दुकानामागं पाण्यानं भरलेल्या ड्रमवर मोटर बसली. अनुपनं दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला ती धुराचा लोट सोडत सुरू झाली. दीपमाला मान तिरपी करून ऐकत राहिली... आणि अनुप ऐकणाऱ्या तिच्याकडे बघत राहिला.

“इतकी पळवत कावून ठेवली इले?”

“केशवरावांनी. मधी पाण्यात बंद पडू नये म्हणून स्क्रू आवळत गेले.” केशवराव म्हणजे नाव चालवणारे म्हातारे नावाडी.

“पळत्या बैलाच्या खांद्यावर कोणी जू ठेवते का?” तिनं स्क्रू सैल केला. मोटरीचा श्वास संथ झाला. दांडी पुढं लोटली. गियर अगदी अलगद पडला. अनुपचा चेहरा उजळला.

“झालं?”

“थांबा.” तिनं रेस दिली. पंख्यानं पाणी ढवळलं, ड्रमबाहेर उसळलं, दोघांच्या पायांवर आलं — आणि कटकट कटकट... न्यूट्रल.

अनुपचं तोंड पडलं. दीपमालाचं नाही. तिनं ओल्या हातानं कपाळावरची बट मागं सारली, तिथं काळा पट्टा उमटला आणि ती म्हणाली, “हे मले वेडी समजून राहिली. ठीक हाय. पाहू कोण आधी थकते ते.”

“कपाळाले लागलं हाय,” अनुप म्हणाला.

“काय?”

“ग्रीस... अठी.” त्यानं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं. तिनं पुसलं, तर ते भुवईपर्यंत पसरलं. त्यानं पुढं केलेला रुमाल तिनं घेतला नाही. पण दिवसभर तो रुमाल कोणत्या खिशात आहे हे तिला माहीत होतं.

गुरुवारी तिनं गियरच्या डब्याचं तेल एका पांढऱ्या ताटलीत काढलं. दुधाळ आलं असतं तर पाणी शिरलं होतं, चमचमतं आलं असतं तर दात झिजले होते. तेल स्वच्छ आलं, जसं भरलं तसं. खरं तर तिथंच तिनं थांबायला हवं होतं. पण अकोल्याचा मिस्त्री गिअरबॉक्सकडे बोट दाखवून गेला होता, आणि त्या बोटाचं वजन तिच्या डोक्यावर होतं. तिनं खालचा डबा खोलला. एकेक बोल्ट गंजलेला. अनुप मोटर धरून, ती पाना धरून. दोघांची डोकी इतकी जवळ की त्याचा श्वास तिच्या कानामागं लागत होता. ‘जरा मागं सरा’ असं म्हणायचं तिच्या ओठांवर चार वेळा आलं... आणि चारही वेळा तिनं दुसरा पाना मागितला.

संध्याकाळी दात बाहेर आले. तिनं अंगठा फिरवला. कडा धारदार होत्या. कुठं झीज नाही, काही नाही.

“एक दिवस वाया घालवला मी,” ती म्हणाली. “तेल पायल्यावर समजायले पायजे होतं. दुसऱ्याचं ऐकलं.”

ती भिंतीला टेकून खाली बसली. हात कोपरापर्यंत काळे. अनुपनं पिशवीतून संत्री काढली, घरच्या बागेतली, आंबिया बहाराची. एक सोलली, फोडी सुट्या केल्या, तिच्यासमोर धरल्या.

“हात असे हायेत,” तिनं तळवे दाखवले.

तो क्षणभर घुटमळला. मग एक फोड त्यानं तिच्या ओठांपाशी नेली — तोंड दुसरीकडे वळवून, जणू हात त्याचा नव्हताच. बाहेर पंजाबरावांच्या रेडिओवर बाजारभाव चालू होते. दीपमालानं फोड घेतली.

“गोड हाय का?”

“आंबट हाय.”

“मंग दुसरी देतो.”

दुसरीही आंबटच निघाली म्हणे. आणि तिसरी. संत्रं संपलं तेव्हा तो सालीकडे बघत म्हणाला, “नाई झाली मोटर... तरी चालते.”

“चालत नाई. पस्तीस घरं हायेत तिकडे.”

“नाई, म्हणजे... नाई झाली तर मी तीन महिने इथंच हावो.”

शेवटची फोड दीपमालानं चावलीच नाही. तशीच गालात धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. तो साली गोळा करायला लागला, एवढुशा साली, पण गोळा करता करता त्याला बराच वेळ लागला.

शुक्रवारी अनुप अमरावतीला गेला. दाखल्याचा फॉर्म ऑफिसातून आणायचा म्हणाला. दीपमालानं सकाळीच खालचा डबा परत जोडून त्यात तेल भरलं. दहाच्या सुमाराला केशवराव आले, धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला फडक्याची टापशी. आल्या आल्या त्यांनी मोटरीवरून हात फिरवला, माहेरी आलेल्या लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“बरी होईन का वं माय?”

“होईन, बाबा. तुमी इचं काय काय केलं ते सांगा बरं सगळं.”

“म्या काय करतो? दर दसऱ्याले धुतो, हळद-कुंकू वायतो, झेंडूचा हार घालतो. आन् रंगाचा एक हात. नऊ दसरे झाले, एक नाई चुकला. इले गंज लागू देल्ला नाई म्या.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. “औंदा लाल देल्ला. डोये दिपते का नाई?”

ते समोरच्या टपरीवर चहाला गेले. दीपमाला लाल रंगाकडे बघत राहिली. औंदाचा दसरा. आणि मोटर बिघडली कधी? अनुप म्हणाला होता, दिवाळीच्या तोंडावर. तिनं टाचणीसारखा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि दांडीखालचा सांधा खरवडला. वरच्या दांडीची हालचाल ज्या सळईनं खाली गियरपर्यंत पोचते, तिचा तो सांधा. लालखाली निळा निघाला. निळ्याखाली हिरवा. हिरव्याखाली पुन्हा निळा... सांधा रंगानं पार थिजला होता. वरची दांडी पूर्ण सरकत होती, पण खालची सळई अर्ध्यावर अडत होती. गियरचे दात कडेकडेनं कसेबसे अडकत आणि जोर आला की सुटत. उलट्या गियरपर्यंत तर सळई पोचतच नव्हती.

बिघाड कुठंच नव्हता. नऊ वर्षांची माया तेवढी जास्त झाली होती.

तासाभराचं काम. थिनर, खरवडणी, ग्रीस. दीपमालानं खरवडणी उचलली... आणि परत खाली ठेवली.

कुणाला काही माहीत नव्हतं. ‘नागपूरहून पार्ट यायचा आहे,’ एवढं एक वाक्य पुरे होतं. अकोल्याच्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलंच होतं. कुणी तिला खोटं पाडलं नसतं. तीन महिने. तीन महिने तो त्या बाकावर बसून संत्री सोलत राहिला असता. तिला तो हवा होता. आता स्वतःशी लपवण्यात अर्थ नव्हता. हवा होता, आणि फार हवा होता.

दाराकडे पाठमोऱ्या बसलेल्या वडिलांचं पांढरं डोकं तिला दिसत होतं. तिच्या लहानपणी याच माणसानं ब्रेक धड नसलेल्या एका बसच्या कागदावर सही करायला नकार दिला होता. साहेबानं त्याची दोन वर्षं लांबच्या डेपोत बदली केली. आई एकटीनं घर ओढत राहिली, पण ‘सही करून टाकायची होती’ असं त्या घरात कधी कुणी म्हणालं नाही. बिघडलेल्या मशीनला चांगलं म्हणायचं नाही हे जर खरं, तर चांगल्या मशीनला बिघडलेलं तरी कसं म्हणायचं? आणि सतरा किलोमीटर चालणाऱ्या पोरांना काय सांगायचं, की बाळांनो, मला एक माणूस आवडला?

तिनं खरवडणी पुन्हा उचलली. मोटर आजच होणार. आणि जे सांगायचं ते त्यालाच सांगायचं, तोंडावर.

केशवराव चहा पिऊन आले, तेव्हा तिनं त्यांना सांधा दाखवला. त्यांनी वाकून बघितलं.

“म्हंजे म्याच मारली का इले?”

“नाई बाबा. तुमी जपली म्हणून तर आतले दात अजून नवे हायेत. फक्त सांध्यावर रंग नाई द्यायचा. सांध्याले ग्रीस. बसा, तुमीच खरडा.”

म्हातारा बसला. खरडता खरडता एकेक दसरा सांगत गेला — हा निळा शाळेच्या फाटकाचा उरलेला, हा हिरवा सोसायटीच्या पंपाचा, हा चंदेरी पहिल्या वर्षीचा, मोठ्या हौसेनं विकत आणलेला. शेवटी खाली धातू दिसला. दीपमालानं ग्रीस भरलं, पंखा फिरवत दांडी ओढली. पुढं, टक्. न्यूट्रल. मागं, टक्.

तिनं अनुपला फोन लावला. “मोटर झाली.”



“...झाली?”

“हाव.”

“इतक्या लवकर,” तो म्हणाला.

फोन ठेवून ती वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. “बाबा, मी अनुपले विचारणार हावो. लग्नाचं.”

पंजाबरावांनी रेडिओ बारीक केला. “मोटर नीट झाली का?”

“झाली.”

“मंग विचार.” त्यांनी रेडिओ पुन्हा मोठा केला, पण तो कोणत्या स्टेशनला लावलाय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. नुसती खरखर चालू होती.

शनिवारी सकाळी धरणाचं पाणी काठोकाठ होतं, हवेत गारवा होता, आणि दोन्ही काठांवरच्या शेतांत कापूस फुटून पांढरं झालं होतं. केशवराव नावेच्या नाकाशी बसले. अनुप दांडीशी. दीपमाला त्याच्या शेजारच्या फळीवर, ओढणी कमरेला बांधून. मोटर सुरू झाली. अनुपनं दांडी हळूहळू, भीत भीत पुढं सरकवली आणि आतून करकर आवाज आला.

“असं चोरून नका टाकू,” ती म्हणाली. “घाबरत टाकला की दात दातावर घासते. टाकायचा तर एका दमात.”

“तुटला तर?”

“मी बसली हावो ना अठी.”

त्यानं दांडी एका दमात लोटली. टक्. नाव पुढं झेपावली. त्यानं रेस वाढवली, आणखी वाढवली, पूर्ण दिली... दीपमाला श्वास रोखून मोटरीकडे कान लावून होती. कटकट आली नाही. पाणी दोन्ही अंगांनी फाटत गेलं, तुषार चेहऱ्यावर आले आणि केशवरावांनी टापशी काढून डोळे पुसले. काजळखेडच्या दगडांपाशी नाव थांबली, उलटा गियर पडला, आणि ती शहाण्यासारखी मागं सरकली. काठावर कपडे धुणाऱ्या बायका उभ्या राहून बघत होत्या. एकीनं ओरडून विचारलं, सोमवारपासून पोरं नावेनं पाठवायची का?

“पाठवा,” दीपमालानंच सांगितलं.

अलीकडच्या काठावर परत आल्यावर केशवराव नारळ घ्यायला आपल्या झोपडीकडे गेले. नाव खुंटीला बांधलेली, दोघं अजून नावेतच. अनुपनं पिशवीतून फॉर्म काढला. मोटर चालू स्थितीत असल्याचा दाखला, आणि खाली मिस्त्रीच्या सहीची रेघ.

कागद तिच्या हातात देताना त्यानं तो जरा जास्त वेळ धरून ठेवला.

दीपमालानं गुडघ्यावर कागद ठेवला आणि सही केली. पूर्ण नावानं. तारीख घातली. कागद त्याच्या हातात दिला, आणि मग सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

“मोटरीचं झालं. आता जे सांगून राहिली ते मोटरीचं नाई.” “मले तुमी आवडता. लग्न करावं असे आवडता. काल सकायीच मले दिसलं होतं की नुसता रंग खरडला की काम होते. पार्ट लागते म्हणून सांगितलं असतं, तर तुमी तीन महिने राहिले असते.”

“मंग... कावून नाई सांगितलं?”

“मोटरीसाठी राहिले असते. माह्यासाठी नाई.”

पाणी नावेच्या बुडाला थपथप लागत होतं. तिनं मनात दहापर्यंत आकडे मोजले, मग वीसपर्यंत.

“नसन वाटत तुमाले, तर सांगून टाका,” ती म्हणाली. “दुकानात चार पंप पडले हायेत. मी जातो.”

“हा फॉर्म पहिल्या दिवसापासून माह्या पिशवीत होता,” तो अचानक बोलला. “काल मी ऑफिसात फॉर्मसाठी गेलोच नाई. गोंदिया रद्द करून मागायले गेलो होतो. इकडेच काहीतरी द्या म्हणलं. हात जोडले.”

“मंग?”

“नाई म्हणाले. मार्चपर्यंत गोंदियाच.”

दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला त्याचा रागही आला. “आन् हे मले कवा सांगणार होते?”

“नाईच म्हणाले ते... मंग सांगू काय?”

“नाई म्हणाले, हेबी सांगायचं असते. विचारलं होतं, हे तर समजलं असतं मले.” तिनं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं. “मार्चपर्यंत ना? चार महिने. गोंदियाहून अकोल्याले रेल्वे येते. पुढं?”

“पुढं माहं घर.” तो कसंनुसं हसला. “तुमी बुद्धाच्या घरच्या. आमच्या इथं पाहुणा दारात आला की आधी आडनाव विचारते. बाबा बोलणं सोडन.”

“किती दिवस?”

“काय?”

“किती दिवस सोडन? अंदाजे.”

त्यानं खरोखर विचार केला. “दोन दिवस. संत्र्याले भाव आला नाई तेव्हा दोन दिवस बोलला नव्हता.”

“आन् आई?”

“आई चार. ते जास्त जिद्दी हाय.”

“मंग पाचव्या दिवशी मी येतो शेंदूरजन्याले,” दीपमाला म्हणाली. “माह्या तोंडानं सांगतो दोघाले. नाई म्हणाले तर परत येतो, आन् परत जातो. मले घाई नाई. पण मी सोडत नसतो.”

अनुपनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. मग त्यानं तिचा हात हातात घेतला, काळ्या नखांचा, थिनरनं खरखरीत झालेला हात, आणि मान हलवली.

“पाचव्या दिवशी नको.”

“मंग कवा?”

“पहिल्याच दिवशी ये,” तो म्हणाला. “उद्या. माह्यासंगच. ते चार दिवस मी एकट्यानं कावून काढू?”

‘तुमी’ कुठं गेलं ते दोघांपैकी कुणालाच कळलं नाही. काठावर केशवराव नारळ घेऊन उभे होते. इकडं बघावं की पाण्याकडं, हे न समजून आभाळाकडं बघत होते. दीपमालानं हात सोडवला नाही. दुसऱ्या हातानं तेवढं पेनाला टोपण लावलं.

“सहाले अमरावतीची पहिली गाडी हाय,” ती म्हणाली. “उशीर नको करजो.”